टार्पन गळाला लागला, आता पुढे? फ्लाय रॉडवर मोठा मासा लवकर कसा आणायचा

फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला समुद्रात शिरलेली बेटांची रांग म्हणजे फ्लॉरिडा कीज. एप्रिलपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या उथळ पाण्यातून आणि पुलांखालून टार्पनच्या झुंडी जातात. शंभर पौंडांचा, म्हणजे साधारण ४५ किलोचा टार्पन इथे नवलाचा नाही. टँपा, ऑरलँडो, मायामी भागात राहणारी आपली बरीच मंडळी आता या माशामागे फ्लाय रॉड (पिसं-धाग्यांचं हलकं आमिष, म्हणजे फ्लाय, जड लाइनच्या जोरावर फेकायची काठी) घेऊन जायला लागली आहेत. जाण्याआधी सगळे कास्टिंगचा, म्हणजे फ्लाय फेकण्याचा, भरपूर सराव करतात आणि तो करायलाच हवा. पण मासा गळाला लागल्यानंतर काय करायचं, याचा सराव जवळजवळ कुणीच करत नाही. मग दीड-दीड तास ओढाताण चालते. शेवटी गाठ सुटते, नाहीतर दमून अर्धमेला झालेला मासा शार्कच्या तोंडी जातो.

हा लेख त्या नंतरच्या भागाबद्दल आहे. मासा लवकर आणायचा, हे यातलं मुख्य सूत्र. त्यासाठी जोर लावावा लागतो, पण दंडात ताकद किती आहे याला फार महत्त्व नाही. रॉड कोणत्या कोनात धरलाय, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

आधी घरी करायचा प्रयोग

प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा घ्या. फ्लाय लाइनचं टोक त्याच्या आकड्याला बांधा आणि काटा कुणाच्या तरी हातात देऊन त्याला पंधरा-वीस पावलं लांब उभं करा. आता रॉड डोक्यावर उंच उचलून ओढा. रॉड अर्धगोल वाकेल, दंड भरून येतील, आपण केवढी ताकद लावतोय असं वाटेल. काटेवाल्याला आकडा विचारा. दोन-चार पौंडांपुढे काटा मुश्किलीने सरकलेला असतो.

मग रॉड खाली आणा. शेंडा लाइनच्या दिशेने थोडासाच वळलेला ठेवा, बुड कमरेपाशी टेकवा आणि रॉडचा खालचा जाड भाग वाकेल अशा बेताने कमरेतून वळून ओढा. आकडा कितीतरी वर जातो आणि दंडांना मात्र कष्ट कमी पडतात.

कारण साधं आहे. रॉड ही तरफ आहे आणि तिची लांब बाजू माशाकडे आहे. रॉड जितका उभा, तितकी ती तरफ तुमच्या विरुद्ध काम करते आणि वजन नुसत्या बारीक शेंड्यावर येतं. रॉड जितका माशाकडे रोखलेला, तितकं काम बुडाकडून होतं. कोकणात ज्यांनी हातदोरीने खाडीत गरवलंय, त्यांना दोरीतली ओढ थेट बोटांना कळते, त्यामुळे किती जोर लागतोय याचा अंदाज चुकत नाही. रॉड मात्र फसवतो. सगळा ताण तुम्हाला जाणवतो आणि माशाला त्यातला थोडासाच पोचतो. म्हणून हा प्रयोग पुनःपुन्हा करा. वीस पौंडांचं टिपेट (फ्लायजवळचा बारीक, सगळ्यात आधी तुटणारा दोरा) बांधून मुद्दाम तोडूनही बघा. ते तोडायला किती जोर लागतो हे एकदा हाताला कळलं, की बोटीवर विनाकारण घाबरायला होत नाही.

सामान

टार्पनसाठी ११ किंवा १२ नंबरचा रॉड. रील मोठं, गुळगुळीत ड्रॅगचं (ड्रॅग म्हणजे लाइन सुटताना लागणारा रीलचा ब्रेक), खाऱ्या पाण्याला टिकणारं. फ्लाय लाइन साधारण ३० मीटरची असते. तिच्यामागे निदान दोनशे-अडीचशे यार्ड बॅकिंग, म्हणजे बारीक राखीव दोरी, हवी. गळ १/० ते ३/० आकाराचा आणि अतिशय धारदार, कारण टार्पनचं तोंड आतून नुसतं हाड आहे. गळाची कुशी पक्कडने दाबून टाका. सोडताना मासाही सुटतो आणि कधी तुमच्याच हाताला लागला तर तोही.

लीडर म्हणजे फ्लाय लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा दोरा. त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. फ्लाय लाइनला आधी पन्नास-साठ पौंडांचा पाच-सहा फूट जाड तुकडा, मग १६ किंवा २० पौंडांचं मुख्य टिपेट आणि शेवटी फ्लायला लागून ६० ते ८० पौंडांच्या फ्लुरोकार्बनचा आखूड तुकडा. टार्पनला दात नसल्यासारखेच असतात, पण तोंडाच्या कडा कानशीसारख्या खरखरीत असतात आणि बारीक टिपेट घासून तोडतात. त्यासाठी हा शेवटचा जाड तुकडा. आयजीएफए या मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेच्या विक्रमांसाठी तो गाठींसह १२ इंचांपेक्षा लांब चालत नाही, मुख्य टिपेट किमान १५ इंच लागतं आणि २० पौंडांपेक्षा जाड चालत नाही. विक्रमाशी देणंघेणं नसलेले काही जण मधलं टिपेटही ३०-४० पौंडांचं लावतात. नवख्याने तसं करू नये असं माझं ठाम मत आहे. बारीक टिपेट हवं तेव्हा तोडता येतं. शिवाय ते तुटलं की माशाच्या तोंडात वीतभर तुकडाच राहतो, मीटरभर लाइन मागे घेऊन त्याला फिरावं लागत नाही. आणि वीस पौंड कमी नाहीत. २००१ च्या मे महिन्यात फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर होमोसासा इथे जिम हॉलंड ज्युनियर यांनी २०२ पौंड ८ औंसांचा टार्पन वीस पौंडांच्या टिपेटवरच आणला होता.

ड्रॅग सरळ ओढून तीन ते पाच पौंडांवर लावा. तोच बॅगांचा काटा इथेही कामाला येतो. वर लागणारा जोर रीलच्या कडेला तळहात दाबून द्यायचा, कारण हात क्षणात काढून घेता येतो आणि ड्रॅगची चकती तितक्या चटकन फिरवता येत नाही.

गळ बसवणं आणि सुटी लाइन

मासा फ्लाय घेतो तेव्हा रॉड वर उचलू नका. नदीतल्या ट्राउटची सवय असलेल्यांचा हात आपोआप वर जातो आणि गळ त्या हाडावरून सटकतो. शेंडा पाण्याजवळ आणि थेट माशाकडे रोखलेला ठेवा. मासा तोंड मिटून वळेपर्यंत थांबा आणि डाव्या हाताने लाइन लांब, जोरात मागे ओढा. वजन जाणवलं की पुन्हा एकदा.

पुढचे चार-पाच सेकंद सगळ्यात धोक्याचे. मासा सुसाट निघालेला असतो आणि तुमच्या पायाशी कितीतरी फूट लाइन वेटोळी पडलेली असते. नजर माशावर ठेवावीशी वाटते, पण ती लाइनवर ठेवा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांची सैल कडी करून लाइन तिच्यातून जाऊ द्या आणि तो हात रॉडपासून लांब धरा. रीलचं तोंड मनगटाखाली दाबून ठेवा, म्हणजे सुटी लाइन त्याच्या मुठीत अडकणार नाही. बोटीवर अनवाणी उभं राहण्याची पद्धत यासाठीच आहे. तळव्याखाली लाइन आली की लगेच कळतं. लाइन कधीही, कुठल्याही कारणाने हाताला गुंडाळू नका.

सुटी लाइन संपून ताण थेट रीलवर आला की रॉड खाली ठेवूनच दोन-तीन छोटे, कडक हिसके द्या. गळ आता नीट रुततो.

उडी मारली की ढील

टार्पन उडी मारतो, आणि पहिल्या मिनिटात तर मारतोच. पाण्यात असताना त्याच्या वजनाला पाण्याचा आधार असतो. हवेत तो आधार जातो, मासा डोकं जोरात झटकतो आणि सगळं धूड ताणलेल्या लीडरवर आपटलं तर वीस पौंडांचं टिपेट टिकत नाही. म्हणून मासा वर आला की कमरेत वाकायचं, दोन्ही हात पुढे फेकायचे आणि रॉड सरळ माशाकडे रोखायचा. लाइनला ढील मिळते. मासा पाण्यात पडला की परत ताण.

हे लक्षात राहायला अवघड नाही, वेळेवर करायला अवघड आहे. लाइन पाण्यातून वर चढताना दिसली की मासा उडी घेणार हे समजायचं. तो दिसेपर्यंत थांबलात तर उशीर होतो.

पहिली धाव

ही धाव अडवू नका. रीलच्या मुठीवरून हात काढा. फिरती मूठ बोटांवर बसली तर सालटं निघतात. रॉड साधारण पंचेचाळीस अंशांत धरा, ड्रॅगला काम करू द्या आणि शंभर यार्ड बॅकिंग गेलं तरी शांत राहा.

इथे एक गोष्ट समजून घ्या. रीलवरची लाइन जसजशी कमी होते, तसतसा गुंडाळीचा व्यास घटतो. चकतीची पकड तीच, पण व्यास निम्मा झाला की लाइन ओढायला दुप्पट जोर लागतो. शिवाय पाण्यातून फरफटणाऱ्या जाड फ्लाय लाइनचा रोध असतो, तो वेगळाच. मासा लांब गेला की ताण असा आपोआप वाढतो. अशा वेळी घाबरून ड्रॅग घट्ट करणं म्हणजे टिपेट तोडणं. उलट थोडा सैल करा.

धाव संपली की गाइड बोट माशाकडे नेईल. बोट जाते त्याच वेगाने लाइन गुंडाळत राहा, सैल पडू देऊ नका. बॅकिंगची गाठ रॉडच्या कड्यांतून आत येऊन रीलवर बसेपर्यंत खरी झुंज सुरूच होत नाही. लांबून ओढण्यात अर्थ नाही. ऐंशी यार्डांवरून तुम्ही उजवीकडे ओढा नाहीतर डावीकडे, माशाला ओढ एकाच दिशेने जाणवते, समोरून. मासा वीस-पंचवीस यार्डांच्या आत हवा. तिथून तुमच्या रॉडचा कोन त्याच्या डोक्यापर्यंत पोचतो.

डोकं वळवा, मासा वळेल

या भागासाठीच लेख लिहायला घेतला.

टार्पनच्या ताकदीशी समोरासमोर भिडून चालत नाही. त्याची शेपूट ज्या दिशेने ढकलते, त्या दिशेला तुम्ही त्याला रोखू शकत नाही. पण त्याचं डोकं बाजूला वळवू शकता, आणि डोकं वळलं की अंगाला मागून जावंच लागतं. त्यासाठी रॉड आडवा, पाण्यालगत आणि मासा जातोय त्याच्या उलट बाजूला. मासा डावीकडे निघाला तर रॉड उजवीकडे खाली, बुड कमरेशी, आणि कमरेतून वळून ओढ द्या. ओढ माशाच्या शेपटीकडे, मागच्या बाजूला गेली पाहिजे. मासा वळून उजवीकडे निघाला की रॉड पाण्यालगतच फिरवून डावीकडे आणा. तो पुन्हा वळला की पुन्हा बदला.

दर वेळी दिशा बदलायला लावलं की माशाचा जम मोडतो. एकाच बाजूने सतत ओढत राहिलात तर त्याला त्या ताणाची सवय होते आणि तो तासन्‌तास तसाच पोहत राहतो. पॅन ॲम या विमान कंपनीत वैमानिक असलेले कीजमधले जुने गाइड स्टू ॲप्टी यांनी ही खालून, मागे ओढण्याची पद्धत रूढ केली आणि आजही कीजमध्ये नवख्याला पहिला आरडाओरडा ऐकायला मिळतो तो रॉड खाली आण म्हणूनच.

दुसरी गोष्ट माशाच्या श्वासाची. टार्पनची हवेची पिशवी फुप्फुसासारखी काम करते. तो पाण्यावर येऊन हवा गिळतो आणि गिळली की त्याला नवी उभारी येते. झुंज चालू असताना मासा वर यायला लागला, की शेंडा पाण्यात बुडवून खाली आणि मागे ओढा. कधी त्याचा श्वास हुकतो, कधी तो कोलांटी खातो. दोन्ही उपयोगाचं. प्रत्येक हुकलेला श्वास म्हणजे तुमची काही मिनिटं वाचली.

तिसरं, विश्रांती. मासा थांबला की आपणही दम खावा असं वाटतं. पण तोही नेमकं तेच करत असतो आणि त्याला तुमच्यापेक्षा लवकर हुशारी येते. मासा थांबला की तुम्ही ओढायचं, मासा पळाला की तुम्ही दम घ्यायचा. एवढा एक क्रम पाळला तरी झुंजीचा वेळ बराच कमी होतो.

मासा उभ्या दिशेने वर आणायचा असेल तर छोटे-छोटे पंप करा. शेंडा पाण्याजवळून सुरुवात करून बुडाच्या जोरावर फूटभर उचला, मग शेंडा खाली नेताना तेवढी लाइन गुंडाळा. मोठा पंप दिसायला जोरदार, पण रॉड उभा होतो आणि जोर निघून जातो. पंचेचाळीस अंशांच्या वर रॉड नेऊच नका. आणि दुसरा हात कॉर्कच्या मुठीच्या वर, उघड्या रॉडवर कधी ठेवू नका. तिथे आधार दिला की वाकायला जागा कमी उरते आणि रॉड नेमका त्या हातापाशी तुटतो.

मासा थेट बोटीखाली जाऊन खोल बसला तर जागेवर उभं राहून वर खेचू नका. गाइडला बोट थोडी लांब घ्यायला सांगा. कोन मिळाला की अडकलेली झुंज पुन्हा चालू होते.

किती वेळ?

माझ्या मते अर्धा तास ही नवख्याने मनाशी ठेवायची मर्यादा. तेवढ्यात मासा बोटीशी येत नसेल तर कुठेतरी कोन चुकतोय. गाइडला विचारा, पद्धत बदला. तरीही येत नसेल तर तोडा. टार्पन पन्नास वर्षांहून अधिक जगू शकतो. या हंगामात येणारे मोठे मासे बहुतेक माद्या असतात आणि त्या अंडी सोडायला खोल समुद्राकडे निघालेल्या असतात. फोटोसाठी त्यांचा जीव पणाला लावू नये.

शार्क दिसला तर विचारही करू नका. बाहिया होंडासारख्या पुलांच्या आसपास बुल शार्क आणि हॅमरहेड टार्पनच्या मागावर असतात आणि तुमच्या लाइनला जखडलेल्या माशाला पळता येत नाही. शार्क लांब असेल तर ड्रॅग पूर्ण सैल सोडा, म्हणजे मासा पूर्ण वेगाने निसटू शकतो. जवळ आला असेल तर तोडा. तोडताना रॉड सरळ माशाकडे रोखा, रीलची चकती तळहाताने घट्ट दाबून धरा आणि मागे सरका. टिपेट तुटेल, रॉडला काही होणार नाही.

बोटीपाशी

दमलेला मासा बोटीशेजारी आला की सगळ्यांचा ताबा सुटतो आणि सगळ्यात जास्त रॉड इथेच मोडतात. लाइन आखूड, मासा पायाशी, आणि कुणीतरी रॉड आकाशाकडे नेतो. शेंडा वाकून उलटा येतो आणि काड्‌कन तुटतो. लाइन आखूड झाली की तुम्ही दोन पावलं मागे जा, रॉड आडवाच ठेवा, ड्रॅग किंचित सैल करा. बोट पाहून मासा शेवटची एक धाव घेतोच, त्यासाठी तयार राहा. बोटीच्या तळाखाली गेला तर शेंडा पाण्यात खोल बुडवून पुढच्या टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जा.

लीडर कुणी धरायचा, जबडा कुणी पकडायचा, हे आधी ठरवा. पहिल्या काही माशांना हे काम गाइडलाच करू द्या. तो हातमोजे घालून खालचा जबडा धरतो. मासा पाण्यातच राहतो. फ्लॉरिडात टार्पन ठेवता येत नाही, आणि ४० इंचांपेक्षा मोठा टार्पन पाण्याबाहेर काढायलाही कायद्याने मनाई आहे. राज्याचा किंवा जगाचा विक्रम नोंदवायचा असेल त्यालाच वेगळा टॅग विकत घेऊन सवलत मिळते. फोटो काढायचा तर तुम्ही बोटीच्या कडेला वाका, माशाला वर ओढू नका. कल्ल्यांत हात घालू नका.

वजनाची उत्सुकता असेल तर पाण्यातच मोजपट्टीने लांबी आणि पोटाचा घेर घ्या. दोन्ही इंचांत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००, की पौंडांत अंदाज येतो. ७२ इंच लांब आणि ३६ इंच घेर असलेला मासा साधारण ११७ पौंडांचा भरतो.

सोडताना जबडा धरून बोट अगदी हळू पुढे न्यायला सांगा, म्हणजे पाणी तोंडातून कल्ल्यांवरून जातं. मागे-पुढे हलवू नका. मागे नेताना कल्ल्यांना काही मिळत नाही. शेपटीत जोर आला, तो स्वतः हिसका देऊ लागला, की सोडा. मासा गेला की लगेच दुसऱ्या फेकीला लागू नका. टिपेट बोटांतून फिरवून बघा, खरखर लागली तर बदला. गळाचं टोक नखावर घासून पाहा. घसरलं तर कानस मारा.

अंदमानला जाणाऱ्यांसाठी

भारतात फ्लायवर मोठा मासा म्हटलं की अंदमानातला जायंट ट्रेवली, सगळे त्याला जीटीच म्हणतात. रॉड तोच, १२ नंबरचा. रॉड खाली ठेवायचा आणि बुडातून ओढायचं, हेही तेच. पण वर सांगितलेल्या दोन गोष्टी तिथे उलट करायच्या. टार्पनच्या पहिल्या धावेला वाट द्यायची असते. जीटी मात्र गळ बसताच प्रवाळाच्या कडेकडे धावतो आणि ती कड गाठली की लाइन कापली जाते. म्हणून ड्रॅग जवळजवळ पूर्ण आवळलेला आणि पहिल्याच क्षणापासून सगळा जोर. आणि तिथे बारीक टिपेट ठेवत नाहीत. फ्लाय लाइनपासून फ्लायपर्यंत शंभर पौंडांच्या आसपासचा एकच जाड तुकडा असतो, त्यामुळे मनात आलं म्हणून तोडता येत नाही. तिथे रीलजवळ बोटं आणि पायाशी सुटी लाइन, दोन्हीकडे कीजपेक्षा दुप्पट लक्ष ठेवा. जीटी बोटीशी आला की दातेरी खवल्यांची शेपूट हातमोज्यानेच धरा.